न फार दूर, न फार जवळ : डोंगराजवळच्या गावाचा शोध

बहरीनमध्ये ज्याला पर्वत म्हणतात, त्या जबल अद-दुखानची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम १३४ मीटर आहे. त्याच्याच परिसरात १९३२ साली आखाताच्या अरब किनाऱ्यावरची पहिली तेलविहीर लागली आणि त्या विहिरीमागोमाग जगभरची माणसे या बेटावर पोटासाठी येऊ लागली. आम्हीही त्यांतलेच. बावीस वर्षांत आम्ही या टेकाडावर अनेकदा जाऊन आलो. गावाकडून पाहुणा आला की त्याला ते दाखवायचे, तो हसायचा, आम्हीही हसायचो. सह्याद्रीच्या पायथ्याशी नाळ पुरलेल्या माणसाला याला डोंगर म्हणणे कठीण जाते.

शुक्रवारी कुणाच्या तरी घरी वंदना होते. त्रिशरण, पंचशील, सुत्तपठण झाले की चहा येतो आणि चहाबरोबर एक प्रश्न येतो : परत गेल्यावर राहायचे कुठे? पूर्वी हा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारीत आणि आम्ही ऐकत असू. तीन वर्षांपूर्वी तो आमच्या घरी येऊन बसला. आमच्यापैकी एकाच्या हृदयात स्टेंट बसला. नोकरीची चारपाच वर्षे उरली होती. इथला निवास नोकरीला बांधलेला आहे. नोकरी संपली की परवाना संपतो. आपल्यासारख्यांना इथे निवृत्तिवेतन नाही, सेवासमाप्तीची एकरकमी रक्कम तेवढी मिळते. ती रक्कम एकदाच खर्च करता येते. म्हणून घराची जागा चुकली, तर दुरुस्तीला दुसरी रक्कम नाही.

आम्हांला मुंबई नको होती. आजोबांनी तिथल्या चाळीत आयुष्य काढले, वडिलांनी गोदीत. दोघांनीही त्या शहराला नावे ठेवली नाहीत, परंतु म्हातारपणी तिथला जिना त्यांना चढवत नव्हता. आम्हांला डोंगर दिसेल, परंतु दवाखानाही गाठता येईल असे लहान गाव हवे होते. गेल्या तीन वर्षांच्या रजा त्या शोधात गेल्या. त्या शोधाचा हा वृत्तान्त आमच्यासारख्या इतरांच्या उपयोगी पडावा म्हणून लिहीत आहोत.

कसोटी कुठून आणली

प्रारंभी आमच्याजवळ कसोटी नव्हती, केवळ आवडीनिवडी होत्या. एकाला हिरवळ हवी, दुसऱ्याला चालत जाता येईल असा बाजार. भांडण मिटेना तेव्हा एका ज्येष्ठ उपासकांनी सुचवले की, निवासाच्या जागेविषयी धम्मग्रंथांत काही सांगितले आहे का ते पाहा. मंगलसुत्त आपण सारेच म्हणतो. त्यात योग्य प्रदेशी वास करणे हे उत्तम मंगल म्हणून गणले आहे, हे इतकी वर्षे मुखाने म्हणत होतो; मनाने कधी थांबून पाहिले नव्हते.

अंगुत्तरनिकायाच्या दसक निपातात एक सेनासनसुत्त आहे. भिक्खूच्या निवासस्थानाची पाच अंगे त्यात सांगितली आहेत. ते गावापासून फार दूर नसावे व फार जवळही नसावे, जाण्यायेण्यास सोयीचे असावे. दिवसा तिथे गर्दी कमी व रात्री गलबला कमी असावा. डास, माशा, वारा, ऊन, सरपटणारे प्राणी यांचा उपद्रव थोडा असावा. अन्न, वस्त्र, औषध सहज मिळावे. आणि ज्यांना जाऊन शंका विचारता येतील असे जाणते वडीलधारे तिथे असावेत. अनाथपिंडिकाने श्रावस्तीत भगवंतांसाठी जागा शोधली तेव्हा त्याने हेच पाहिले होते आणि म्हणून जेतकुमाराचे उद्यान निवडले होते.

आम्ही भिक्खू नव्हे, संसारी माणसे. परंतु ही पाच अंगे वाचल्यावर असे वाटले की, साठीच्या उंबरठ्यावरील दाम्पत्याला घर पाहताना याहून नेमकी यादी कुणी दिली नसती. विशेषतः पहिले अंग. दूर की जवळ, असा प्रश्न आम्ही विचारीत होतो. खरा प्रश्न किती अंतर, हा होता. डोंगरापासून किती, शहरापासून किती आणि मूळ गावापासून किती.

मूळ गावापासून किती अंतर

आमचे मूळ गाव रायगड जिल्ह्यात, डोंगराच्या कुशीत आहे. चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, तिथेच राहतात. आम्ही परतणार हे कळताच तात्या म्हणाले, "जागा बापजाद्यांची हाय. बांधा घर, या राहायला. परक्या गावात मरायला जाताय कशाला?"

तात्यांच्या बोलण्यात माया होती आणि तिला उत्तर देणे सोपे नव्हते. पहिली अडचण कागदाची निघाली. जमीन मूळची महार वतनाची. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनासंबंधी विधेयक मांडले, ते या वतनाला समाजाच्या पायातील बेडी मानीत होते म्हणून. वतने अखेर १९५८ च्या कायद्याने संपली. जमिनी परत मिळाल्या त्या नव्या शर्तीवर. हस्तांतराला वरिष्ठांची मंजुरी लागते. आमच्या सातबाऱ्यावर आज एकोणीस नावे आहेत. त्यांतली सहा माणसे हयात नाहीत आणि त्यांचे वारस चार शहरांत विखुरलेले आहेत. वारसाहक्काने आलेली शेतजमीन अनिवासी भारतीय बाळगू शकतो, परंतु नवी शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेऊ शकत नाही, हेही तेव्हाच नीट समजून घेतले.

दुसरी अडचण कागदावर नव्हती. आजोबा गाव सोडून गेले ते केवळ पोटासाठी नव्हे. बाबासाहेबांनी १९४८ च्या नोव्हेंबरात संविधान सभेत खेड्याविषयी जे कठोर बोल ऐकवले, ते आजोबांनी जगून पाहिले होते. आता गाव बदलले आहे, पाणवठा एक झाला आहे, हे खरे. तरीही वस्ती आहे तिथेच, गावाच्या कडेला आहे. आमचे घर उभे राहिले असते तेही तिथेच. आजोबांनी दोन पिढ्यांपूर्वी ओलांडलेली सीमा आम्ही चांगल्या टाइल्स लावून पुन्हा स्वीकारावी काय, हा प्रश्न आम्ही तात्यांना विचारला नाही. विचारला असता तर त्यांना तो त्यांच्या सबंध आयुष्यावरचा शेरा वाटला असता.

तिसरी अडचण मात्र तात्यांनीच बोलून दाखवली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी गेले, तेव्हा सुमारे दीडशे जण गाडले गेले. खालापूरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री गेली. तिन्ही वेळा महिना जुलैच. आमच्या गावामागचा उतारही पावसाळ्यात भेगा दाखवतो. एका जुलैच्या रात्री तात्या फोनवर म्हणाले, "झोप येत नाय रं. डोंगराचा आवाज ऐकत बसतो." त्या दिवसापासून डोंगराजवळ राहणे आणि डोंगराखाली राहणे, यांतला फरक आमच्या यादीत सर्वांत वर गेला. घर हवे ते डोंगर दिसणारे, डोंगर अंगावर न येणारे.

पाहिलेली गावे

आरंभी मन महाडकडे ओढत होते. आपल्यापैकी कुणाचे ओढणार नाही? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याच्या पाण्यावरील हक्क उच्च न्यायालयात सिद्ध व्हायला १९३७ साल उजाडले. गावाबाहेर महामार्गालगत गांधारपालेची बौद्ध लेणी आहेत. रोज सकाळी तळ्याच्या काठाने फिरायला जाणे, याहून मोठे निवृत्तिवेतन कोणते, असे आम्हांला वाटे. परंतु महाड सावित्रीच्या काठी सखल भागात वसले आहे. २०२१ च्या त्याच जुलैत पुराचे पाणी तिथल्या घरांत माणसाच्या डोक्यावरून गेले. आम्ही पुढल्या वर्षी गेलो तेव्हा भिंतींवर पुराची रेघ दिसत होती. एका वृद्ध बाईंनी ती बोटाने दाखवून सांगितले की, आम्ही रंग काढतो, पण ती रेघ ठेवतो. तळमजल्यावर राहणे धोक्याचे आणि वरचा मजला चढणे स्टेंटवाल्याला नको. महाडला आम्ही यात्रेकरू म्हणून जात राहू, असे ठरवून निघालो.

दापोली पाहिली. या गावाशी आपले नाते जुने आहे. सैन्यातून निवृत्त झालेल्या आपल्या माणसांनी एकोणिसाव्या शतकात इथे घरे केली. १८८८ साली ‘विटाळविध्वंसन’ लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर निवृत्तीनंतर दापोलीतच राहत होते. सुभेदार रामजीही सैन्यातून निवृत्त झाल्यावर आधी दापोलीस आणि मग साताऱ्यास आले. परमुलखात नोकरी करून परतणाऱ्याने डोंगराजवळचे लहान गाव धुंडाळायचे, हे काही आम्ही प्रथम करीत नव्हतो, याचे इथे फार बरे वाटले. हवा उत्तम, कृषी विद्यापीठामुळे झाडी व शिकलेली माणसे भरपूर, मंडणगड तालुक्यातील आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव, जवळच. परंतु जवळचे रेल्वेस्थानक खेड, तेही घाटरस्त्याने सुमारे तीस किलोमीटरवर. मोठे रुग्णालय त्याहून दूर. रात्री छातीत कळ आली तर काय, या प्रश्नाला दापोलीत समाधानकारक उत्तर मिळाले नाही. चौथे अंग अपुरे पडले.

इगतपुरी रेल्वेच्या मुख्य मार्गावर आहे. मुंबई व नाशिक दोन्हीकडे गाडी मिळते. सत्यनारायण गोएंकांच्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे चालतात. आम्ही दोघांनी तिथे दहा दिवस केले आहेत आणि त्या दहा दिवसांचे ऋण मानतो. तथापि शिबिरार्थी म्हणून दहा दिवस मौनात राहणे वेगळे आणि गावकरी म्हणून बारा महिने बोलत राहणे वेगळे. जुलैत गेलो तेव्हा आठ दिवस सूर्य दिसला नाही, गादीला बुरशी आली. बहरीनच्या दमट उन्हाला कंटाळलेल्या माणसाला पाऊस हवासा वाटतो, पण सांध्यांना तो मानवत नाही. शिवाय गावाभोवती मुंबईकरांचे शनिवार-रविवारचे बंगले उठत आहेत. सोमवारी त्यांना कुलपे असतात. कुलपांना शेजारी म्हणता येत नाही.

तळेगाव दाभाड्यास बाबासाहेबांचे निवासस्थान स्मारक म्हणून जपलेले आहे. पलीकडे देहूरोडला त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी मावळात हाकेच्या अंतरावर. बाबासाहेबांनाही सह्याद्रीच्या पायथ्याचा शांत कोपरा हवासा वाटला, हे त्या घरासमोर उभे राहिल्यावर जाणवते. पण आता तळेगाव पुण्याचे उपनगर झाले आहे. आमच्या रकमेत तिथे सातव्या मजल्यावरची दोन खोल्यांची सदनिका येत होती, आणि खिडकीतून समोरची इमारत दिसत होती.

आडनावाचा प्रश्न

एका गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे घर पसंत पडले होते. अंगणात सोनचाफा होता. एजंटाने किल्ली फिरवता फिरवता विचारले, "आडनाव काय म्हणालात?" आम्ही सांगितले. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मालकांना फोन करून सांगतो." फोन आला नाही. दोन दिवसांनी आम्हीच केला, तर घर त्याच दिवशी दुसऱ्यास दिले होते म्हणे. महिन्याभराने आमच्या भाच्याने चौकशी केली तेव्हा ते रिकामेच होते.

यात नवीन काही नाही, असे आपले वाचक म्हणतील आणि ते खरे आहे. बाबासाहेब १९१७ साली बडोद्यास नोकरीवर गेले तेव्हा परदेशातून शिकून आलेल्या त्या माणसाला गावात छप्पर मिळेना. पारशी नाव घेऊन पारशांच्या पथिकाश्रमात राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली. त्याआधी १९०१ साली मसूर स्टेशनावर उतरलेल्या भीमरावांना आणि भावंडांना गाडीवान मिळत नव्हता. दुप्पट भाडे देऊन त्यांनी स्वतः गाडी हाकली आणि रात्रभर पाण्यावाचून काढली. चांगले कपडे, शिक्षण, पैसा यांतले काहीही त्या ठिकाणी कामी आले नाही.

आमच्या एका हितचिंतकाने सल्ला दिला की, नुसते नाव सांगा, आडनाव मागाहून कळू द्या. आम्ही रात्रभर विचार केला. बहरीनमध्ये बावीस वर्षांत आम्हांला कुणी आडनावाचा अर्थ विचारला नाही. इथे आम्ही हिंदी म्हणून ओळखले जातो. बढती अडते ती पारपत्रावर अडते, जातीवर नव्हे. तेही दुःखच, पण वेगळे. ज्या मोकळेपणाची सवय इथे लागली, ती परत जाताना विमानतळावर ठेवून जायची नव्हती. नाव झाकून मिळालेल्या घरात उजेड कसा लावणार? तेव्हा आम्ही यादीत आमचे म्हणून सहावे अंग जोडले : पहिल्याच भेटीत पूर्ण नाव सांगायचे, आणि हॉलमध्ये बुद्धमूर्ती व बाबासाहेबांची तसबीर राहील हेही सांगायचे. नकार यायचा असेल तर दाराबाहेरच यावा.

जुन्नर

जुन्नरला आम्ही शेवटी गेलो, तेही लेणी पाहायला. मुलगी पुण्याजवळ नोकरी करते; तिने एका रविवारी गाडी काढली. पुण्याहून नव्वदेक किलोमीटर, कुकडीच्या खोऱ्यात, शिवनेरीच्या पायथ्याशी हे तालुक्याचे गाव आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे पंचवीस हजार. पश्चिमेला नाणेघाट. सातवाहन काळात कोकणच्या बंदरांतून निघालेला माल तो घाट चढून इथे उतरत असे. त्या व्यापाराच्या आधाराने गावाभोवतीच्या डोंगरांत लेणी कोरली गेली. तुळजा, मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री मिळून सुमारे दोनशे. एका गावाभोवती इतकी बौद्ध लेणी भारतात क्वचितच सापडतील.

लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या आम्ही सावकाश, चार ठिकाणी बसून चढलो. तिथल्या एका विहारात आज गणपतीचे स्थान आहे आणि गर्दी त्याच्याच दर्शनाला असते. शेजारचे चैत्यगृह मात्र शांत होते. स्तूपासमोर बसून आम्ही हळू आवाजात वंदना घेतली. कुणी अडवले नाही, कुणी सामील झाले नाही. वर बसल्यावर खालचे खोरे दिसते, गाव दिसते. तेव्हा सुत्तातले पहिले अंग डोळ्यांना कळले. भिक्खू गावातही नव्हते आणि रानातही नव्हते. सकाळी भिक्षेला उतरून ऊन चढण्याआधी परतता येईल, एवढ्याच अंतरावर होते.

जुन्नरच्या शिलालेखांविषयी आम्ही मग वाचून काढले. दाने देणारे कोण होते ते पाहून आश्चर्य वाटले. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दिले. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने मानमोडीला टाके आणि मंडप दिला. आणि तीन दाने यवनांची आहेत. त्यांतल्या चिटाने भोजनमंडप दिला. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. समुद्रापलीकडून आलेला, बहुधा व्यापारानिमित्त इथे राहिलेला माणूस. त्याने परक्या गावाला काय द्यावे, तर पाणी. परक्या मुलखात बावीस वर्षे राहिलेल्या आम्हांला तो इरिल शेजारचा वाटला. मसूरला ज्यांना घोटभर पाणी मिळाले नाही आणि महाडला ज्यांना ते मिळवण्यासाठी लढावे लागले, त्यांच्या लेकरांनी राहायला जावे असे हे गाव आहे, असे त्या क्षणी वाटले.

तथापि क्षणिक वाटण्यावर घर घेऊ नये, म्हणून यादी पुन्हा काढली. अंतर : घाटमाथ्यावर मुसळधार कोसळणारा पाऊस इथवर येईतो बराच ओसरतो, आम्ही पाहिलेले घर सपाट जमिनीवर, कड्यापासून दूर आहे. गर्दी : सुटीच्या दिवशी शिवनेरी-लेण्याद्रीला ती असते, एरवी गाव आठ वाजता दिवे मंदावते. उपद्रव : इथे मान्य करावे लागेल की या तालुक्यात उसात बिबटे आहेत, माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे आणि संध्याकाळनंतर मळ्याच्या वाटेने एकट्याने जायचे नसते. म्हणून आम्ही मळ्यातला बंगला नाकारून गावातले घर पाहिले. अन्न-औषध : भाजी मुबलक, ग्रामीण रुग्णालय गावात, पुणे-नाशिक महामार्गावरील नारायणगाव पंधरा किलोमीटरवर आणि तिथे खासगी दवाखाने. हृदयाच्या मोठ्या उपचाराला पुण्याच्या दिशेनेच जावे लागेल आणि चाकणची वाहनकोंडी मध्ये आहे. रेल्वे नाही. ही उणीव आम्ही उघड्या डोळ्यांनी पत्करली.

पाचवे अंग, जाणत्या माणसांचे, सर्वांत अवघड होते. जुन्नरात आमचे कुणी नव्हते. म्हणून एका पौर्णिमेला आम्ही आगाऊ न कळवता तिथल्या एका बुद्धविहारात जाऊन बसलो. वंदनेनंतर एका निवृत्त शिक्षकांनी विचारपूस केली. बहरीन कुठे आहे ते त्यांनी विचारले नाही. तिथे तुम्ही ग्रंथ वाचता का, असे विचारले. शुक्रवारी एक एक सुत्त घेतो असे सांगितल्यावर म्हणाले, "मग इथे आलात तर शनिवारी मुलांना शिकवाल का? आमची पोरं इंग्रजीत कच्ची आहेत." कुणीतरी आपल्याला घर देण्याआधी काम दिले, याचे आम्हांला किती बरे वाटले ते सांगता येत नाही. घरमालकाला पहिल्याच भेटीत आडनाव आणि तसबीर दोन्ही सांगितली. तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "खिळे ठोकायचे तर ड्रिलनं ठोका, गिलावा जुना आहे."

निर्णय आणि राहिलेली शंका

आम्ही अजून घर विकत घेतलेले नाही. भाड्याने घेतले आहे, अकरा महिन्यांच्या करारावर. पुढल्या मे महिन्यात आमच्यापैकी एकजण जाऊन राहील, दुसरा नोकरी संपवून मागाहून येईल. एक उन्हाळा व एक पावसाळा काढल्याशिवाय रक्कम अडकवायची नाही, हे आम्ही ठरवले आहे. परत जाऊ इच्छिणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, गाव डिसेंबरात पाहू नका. डिसेंबरात सह्याद्रीतले प्रत्येक गाव राहण्याजोगे असते. जुलैत पाहा, मेमध्ये नळाला पाणी किती वेळ येते ते पाहा. रात्री नऊ वाजता सर्वांत जवळच्या रुग्णालयापर्यंत एकदा स्वतः गाडीने जाऊन या. जागा बिगरशेती आहे का, सातबारा व फेरफार कुणाच्या नावे आहे, हे वकिलाकडून तपासा. आणि तिथल्या विहारात आधी जा, एजंटाकडे नंतर.

तात्यांना अजून वाईट वाटते. आम्ही त्यांना पावसाळ्याचे चार महिने जुन्नरला येऊन राहण्याची विनंती केली आहे. ते म्हणाले, "बघू." मूळ गावाशी अंतर राखले म्हणून नाते तुटू नये, ही चिंता आमच्या मनातून गेलेली नाही. सातबाऱ्यावरची आमची नावे आम्ही काढणार नाही.

मनामाजवळ अधारी नावाचा एक प्राचीन झरा होता. बहरीनी लोकांत त्याच्यावरून एक म्हण आहे की, अधारी दूरच्यांना पाणी पाजते आणि जवळच्यांना कोरडे ठेवते. दूरच्या बागा त्या झऱ्यावर भिजत आणि लगतची जमीन तहानलेली राही. आता तो नैसर्गिक झरा आटला आहे, म्हण तेवढी उरली आहे. आम्ही ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा आपल्याच घराची आठवण झाली. बावीस वर्षे आम्ही दूरवर पैसे पाठवत राहिलो. भाच्यांची शिक्षणे, बहिणींची घरे, विहाराचा निधी. त्यात दुःख नाही, अभिमानच आहे. परंतु ज्या माणसांसोबत रोज बसायचे, ज्यांच्या मुलांना शिकवायचे, ज्यांच्या दुखण्याला उठून जायचे, अशी जवळची जमीन आमची कोरडीच राहिली.

सेनासनसुत्तात निवासाची पाच अंगे सांगण्याआधी निवास करणाऱ्याचीही पाच अंगे सांगितली आहेत. श्रद्धा, निरोगीपण, सरळपणा, उद्योग आणि प्रज्ञा. जागेची पाच आम्ही तीन वर्षे तपासली. आमची स्वतःची आता तिथले लोक तपासतील. शनिवारी मुले येतील. त्यांना शिकवायच्या पुस्तकांची पेटी आम्ही भरायला घेतली आहे.